काच स्वच्छ, मासे खुशाल

गप्पी मासा तुम्ही पाहिला आहे का? बोटाच्या दोन पेरांएवढा लहानसा मासा. नर त्याहूनही लहान, पण त्याची शेपटी रंगीत. गप्पी म्हणजे गप्पा मारणारा नव्हे हं! त्रिनिदाद नावाचे एक बेट दूर अमेरिकेकडे आहे. तेथे गप्पी आडनावाचे एक गृहस्थ राहत. त्यांनी हे मासे लंडनला पाठवले. त्यांच्यावरून या माशाला हे नाव पडले.

हा मासा डासाच्या अळ्या खातो. म्हणून तो आपल्या कामाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हत्तीपायाचा रोग पुष्कळ वर्षांपासून आहे. तो डासामुळे पसरतो. हिवतापही डासामुळेच पसरतो. १८९७ साली रोनाल्ड रॉस या डॉक्टरांनी सिकंदराबाद येथे हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले. डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याची अळी होते आणि अळीचा डास होऊन उडतो. उडायच्या आधीच अळीला खाणारा कोणी असला तर? तो गप्पी मासा.

म्हणून पुष्कळ गावांत टाक्यांत, हौदांत गप्पी मासे सोडतात. शाळेत किंवा पंचायतीत काचेच्या पेटीतही चार मासे ठेवतात. कशाला? लोकांनी डोळ्यांनी पाहावे म्हणून. पेटीत थोड्या अळ्या टाकल्या की मासे त्या कशा गट्ट करतात, ते सर्वांना दिसते. तासभर भाषण करून जे पटत नाही, ते एका क्षणात पटते. मुंबईला १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेथेही लोकांनी काचेआडूनच मासे पाहिले.

पण काच हिरवी, मळकट झाली तर काय दिसणार? मासा आजारी पडला तरी कळणार नाही. म्हणून काच स्वच्छ हवी. आणि येथेच लोक चुकतात. साबण घेतात, सोडा घेतात, पेटी लखलखीत घासतात. दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगतात. मग म्हणतात, "मासे काही आपल्याकडे जगत नाहीत." मासे जगतात. साबण त्यांना मारतो.

साबण का नको?

आपण हवेत श्वास घेतो. मासा पाण्यातून श्वास घेतो. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ले असतात. कल्ल्यांवरून पाणी वाहते आणि पाण्यातला प्राणवायू त्याच्या रक्तात जातो. कल्ल्यांची कातडी फार नाजूक असते. साबणाचा अंश लागला की ती खराब होते. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याचे रोगापासून रक्षण करतो. साबणाने तोही जातो. काच कितीही धुतली तरी सांदीकोपऱ्यात थोडा साबण राहतोच. म्हणून साबण, सोडा, कपडे धुण्याची पावडर, फिनेल यांपैकी काहीही माशांच्या पेटीला लावू नये. साबणाच्या फडक्यानेही पुसू नये.

मग काय वापरावे? घरात आहे तेच.

हिरवे शेवाळ

काचेवर हिरवा थर येतो, ते शेवाळ. ऊन लागले आणि पाण्यात उष्टे अन्न राहिले की ते वाढते. ते काढायला वाळलेल्या गिलक्याची जाळी घ्या. काही ठिकाणी गिलक्याला घोसाळे म्हणतात. नाही तर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्या. तो आधी साध्या पाण्यात खळबळून, पिळून घ्या. मासे आत असतानाच काच आतून हळूहळू पुसा. मासे बाजूला सरकतात. हात मात्र स्वच्छ हवेत. हाताला साबण, तेल किंवा तंबाखू लागलेली नको.

राखेने घासू नका. राखेत बारीक खडे असतात, त्यांनी काचेवर ओरखडे पडतात. शिवाय राख पाण्यात उतरली तर माशांना बाधते. वाळूही नको. वाळू काचेपेक्षा कठीण असते. पेटी रिकामी असेल आणि डाग निघत नसेल, तर बारीक मीठ ओल्या फडक्यावर घेऊन चोळा. मीठ काचेपेक्षा मऊ असते, त्याने ओरखडा पडत नाही. नंतर पेटी तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. पेटी प्लास्टिकची असेल तर मीठही नको. नुसते मऊ फडके पुरे.

पांढरा थर

पाणी जेथपर्यंत भरलेले असते, तेथे काचेवर पांढरी रेघ धरते. ती फडक्याने निघत नाही. ही रेघ कशाची? चुन्याची. आपल्याकडे पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी उडून जाते, चुना मागे राहतो. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाला पापडी बसते, तीही हीच.

यावर उपाय लिंबू. पेटीतले पाणी रेघेच्या खाली उतरवा. अर्धे लिंबू रेघेवर चोळा. रस आत गळणार नाही याची काळजी घ्या. बारीक बुडबुडे येतील. लिंबाचा आंबटपणा चुन्याला विरघळवतो, म्हणून ते येतात. दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढा. थर जाड असेल तर मासे दुसऱ्या भांड्यात काढून, पेटी रिकामी करूनच हे करा. लिंबू नसेल तर चिंचेचा कोळ चालतो. त्यातही आंबटपणा असतोच. बाहेरची बाजू मात्र ओल्या वर्तमानपत्राने पुसा, मग कोरड्या कागदाने. काच चकाकते.

सगळे पाणी फेकू नका

कोणी म्हणेल, "एवढे केले, तर पाणीही सगळे बदलून टाकू." तसे करू नका. घरात दही लावताना आपण थोडे दही विरजणाला ठेवतो की नाही? तसेच येथे आहे. पेटीतल्या रेतीत, दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशाच्या घाणीतून विष तयार होते. हे जीव ते विष कमी करतात. सगळे पाणी फेकले, दगड घासून धुतले, तर हे जीव जातात. म्हणून आठवड्यातून एकदा तिसरा हिस्सा पाणी बदला. दहा लिटरची पेटी असेल तर तीन लिटर. जुने पाणी फेकू नका. भाजीच्या वाफ्यात घाला, ते खताचे पाणी आहे.

नवे पाणी कसे घालावे? नळाच्या पाण्यात जंतू मारण्याचे औषध असते. आपल्याला ते चांगले, माशाला वाईट. म्हणून ते पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवा. औषध उडून जाते. उन्हाळ्याचे दिवस असले तर आणखी जपा. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी पेटीत ओतू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. सकाळी, सावलीतले पाणी, गडव्याने हळूहळू घाला.

पेटी उन्हात ठेवू नका. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खायला द्या. म्हणजे शेवाळच कमी येईल आणि घासण्याचे कामही कमी होईल.

एक गोष्ट आणखी. मासे जास्त झाले म्हणून नदीत किंवा तलावात सोडू नका. हा मासा परदेशचा. तेथे तो आपल्या देशी माशांचे अन्न खातो. गावात कोठे सोडायचे ते आरोग्यसेवकाला विचारा.

एक फडके, एक लिंबू, चिमूटभर मीठ आणि थोडा वेळ. एवढ्यात काच स्वच्छ राहते. काच स्वच्छ असली की मासे दिसतात. आणि मासा अळी खाताना ज्याने पाहिले, तो घरी जाऊन आपल्या अंगणातले साचलेले डबके बुजवल्याशिवाय राहत नाही.