मैदानावरील घिरट्या

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या दीर्घ खंडानंतर वऱ्हाडातील शंकरपट पुन्हा जोमाने भरू लागले आहेत. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे तर पटाचे जुने आणि नामांकित गाव. धावपट्टीच्या दुतर्फा माणसांच्या भिंती उभ्या राहतात, बैलजोडी सुटते आणि सेकंदाच्या अंशावर जय-पराजय ठरतो. हे सारे पूर्वीचेच आहे. बदल झाला आहे तो आकाशात. पट बंद पडले तेव्हा तेथे फार तर एखादी घार असे; पट सुरू झाले तेव्हा चार पंख्यांचे, कॅमेरा लटकविलेले यंत्र तेथे घोंगावू लागले होते.

ड्रोनने काढलेली दृश्ये देखणी असतात, यात वाद नाही. अमरावती-अकोल्याकडील क्रिकेटचे सामने, कबड्डीच्या स्पर्धा, कुस्त्यांची दंगल, कोठेही आता आयोजकांना ‘वरून’ घेतलेले चित्र हवे असते. लग्नाचे चित्रीकरण करणारा होतकरू तरुण त्यासाठी बोलावला जातो. त्याच्याजवळ यंत्र असते, उत्साह असतो. परवान्याचा कागद आहे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. गर्दी जेथे दाट, तेथेच दृश्य चांगले, असे त्या कलेचे गणित असल्यामुळे यंत्र नेमके लोकांच्या डोक्यावर येऊन थांबते.

ते पडले तर काय होईल, याचा हिशेब दहावीचा विद्यार्थीही मांडू शकेल. नऊशे ग्रॅम वजनाचे यंत्र तीस मीटर उंचीवरून निखळले, तर जमिनीजवळ त्याचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होतो आणि त्याच्या अंगी सुमारे २६५ ज्यूल ऊर्जा येते. हवेच्या विरोधाने त्यातील काही भाग कमी होईल, हे खरे. परंतु ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास असते, आणि तो चेंडू खेळणारा फलंदाज शिरस्त्राण घालून, चेंडूकडे डोळे लावून उभा असतो. पटाच्या कडेला बापाच्या खांद्यावर बसलेले पोर बैलांकडे पाहत असते.

आणि यंत्र पडते, त्याला कारणेही साधीच लागतात. विद्युत्घट वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो. पाते एखाद्या तारेला किंवा फांदीला लागते. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा आडवा येतो. हजारो मोबाइल एकाच मैदानात सुरू असले म्हणजे नियंत्रकाचा आणि यंत्राचा संपर्क दुबळा होऊ शकतो. आमच्याकडील उन्हाळा हेही एक कारण मानले पाहिजे. पुष्कळशा लहान ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत चाळीस अंश तापमानापर्यंतच वापर करावा असे बजावलेले असते, आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो. सुटीतले क्रिकेटचे सामने याच दिवसांत रंगतात, हे सांगावयास नकोच.

शंकरपटात तर यंत्र पडण्याचीही गरज नाही. बैल हा जात्याच आवाजाला दचकणारा प्राणी. शर्यतीला जुंपलेली, आधीच गोंगाटाने बावरलेली जोडी डोक्यावरच्या अनोळखी घरघरीने एक हात जरी बाजूला वळली, तर छकडा कोठे जाईल? धुरकऱ्याच्या हाती त्या क्षणी कासऱ्यांखेरीज काही नसते. बैलांचे हाल होऊ नयेत म्हणून न्यायालयात वर्षानुवर्षे झुंज झाली, शर्यतीचे अंतर एक हजार मीटरच्या आत बांधले गेले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक ठरली. एवढे सोपस्कार करून मिळविलेला पट एका हौशी चित्रकाराच्या बेपर्वाईवर सोडावा, हा अजब कारभार होय.

हे भय काल्पनिक आहे, असे कोणी म्हणेल. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीतील मादोन्ना दी कांपिल्यो येथे ऑस्ट्रियाचा विख्यात स्कीपटू मार्सेल हिर्शर उतारावरून वेगाने येत असताना एक ड्रोन त्याच्या अगदी पाठीशी कोसळला. तो कोणा उनाड पोराचा नव्हता. अधिकृत चित्रीकरणासाठीच तो उडविला होता. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेत सामना चालू असताना एक ड्रोन प्रेक्षकांच्या आसनांवर येऊन आदळला. ती आसने सुदैवाने रिकामी होती. उडविणारा गृहस्थ एका शाळेतील शिक्षक निघाला आणि त्याला अटक झाली. शिक्षक वाचकांनी हे मनास लावून घेऊ नये. अविचाराला व्यवसाय नसतो. बेलग्रेडला १४ ऑक्टोबर २०१४ रोजी सर्बिया-अल्बानिया फुटबॉल सामन्यात ड्रोनला बांधलेला एक ध्वज मैदानावर आला, खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले आणि सामना सोडून द्यावा लागला. तेथे यंत्र कोणाच्या डोक्यात पडले नव्हते, तरी व्हायचा तो अनर्थ झालाच.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन नियम जारी केले. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना बरीच सूट आहे. दोन किलोपर्यंतचे यंत्र निव्वळ हौसेने उडविणाऱ्यासही प्रमाणपत्र लागत नाही. मात्र पैसे घेऊन चित्रीकरण करणाऱ्यास ते लागते, आणि अडीचशे ग्रॅमवरील यंत्रासाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही लागतो. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीविना उड्डाण करता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाल्यापासून बडनेरा परिसरातील हौशी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

परंतु या नियमांचा सारा भर आकाशाच्या हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगांवर आहे. हिरव्या आकाशाखाली ज्वारीचे रान आहे की दहा हजारांचा जमाव, याची चौकशी ते फारशी करीत नाहीत. युरोपातील नियमांत सर्वसाधारण वर्गातील ड्रोन जमावावरून नेण्यास साफ मनाई आहे. अमेरिकेत तीस हजारांवर आसने असलेल्या क्रीडागारांभोवती मोठ्या सामन्यांच्या वेळी तीन सागरी मैलांपर्यंत उड्डाण बंद असते. आमची मैदाने एवढी मोठी नसतील. पण त्यांना बंदिस्त आसनेही नसतात, आणि पळापळ झाली तर बाहेर पडण्याच्या धड वाटाही नसतात.

ड्रोन म्हणजे शत्रू, अशी येथे भूमिका नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या विषापासून माणसाला दूर ठेवणारे हे यंत्र विदर्भाने आनंदाने स्वीकारले पाहिजे. गंमत अशी, की सरकारच्या योजनेत शेतावर ड्रोन चालविणाऱ्या बचत गटातील बाईला आधी पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, तेही मुख्यतः निर्मनुष्य शिवारासाठी. भरल्या मैदानावर यंत्र नेणाऱ्याला मात्र मंडळाचा अध्यक्ष ‘जरा खाली घे’ एवढेच सांगतो.

जबाबदारी प्रथम या मंडळांचीच आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, पाण्याचा टँकर यांची तजवीज करणाऱ्यांना प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद पाहणे जड जाऊ नये. यंत्र प्रेक्षकांच्या बाहेरच्या अंगाने, रिकाम्या पट्ट्यावरून न्यावे. बैल जुंपल्यापासून सुटेपर्यंत ते जमिनीवर असावे. कोन थोडा कमी देखणा येईल, इतकेच. उरलेला प्रश्न पोलिसांचा. राज्य सरकारला किंवा पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास एखादे क्षेत्र ९६ तासांपर्यंत ड्रोनसाठी तात्पुरते निषिद्ध ठरविण्याचा अधिकार याच नियमांनी दिलेला आहे. मंत्र्यांच्या दौऱ्याला तो वापरला जातो. तळेगावच्या पटासाठी किंवा अकोल्यातील एखाद्या अंतिम सामन्यासाठी तो वापरण्यास दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. आयोजकांचा एक अर्ज आणि अधीक्षकांची एक सही पुरते.