दोघांच्या मापाचे वाहन

कल्याणजवळच्या ज्या माळावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराची छावणी होती आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जेथील बराकी वाटून देण्यात आल्या, त्या वस्तीला 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. तथापि छावणीचे क्रमांक गावाने अद्याप सोडलेले नाहीत, आणि रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प 2, नेहरू चौक’ एवढेच सांगितले की पुरते. एकेका बराकीत अनेक कुटुंबे आणि त्यांच्यामध्ये गोणपाटाचे किंवा चादरींचे पडदे, अशा अवस्थेत ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी संसार मांडले, त्यांच्या नातवंडांच्या दुकानांतून आज दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारे, पोटात गाद्या-उशा साठवणारे, वापर संपताच भिंतीला चिकटून उभे राहणारे लाकडी सामान विपुल मिळावे, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. सेवानिवृत्तीनंतर दोघांनीच हिंडावे आणि रात्री निजता येईल असे वाहन त्यासाठी शोधावे, या हेतूने आरंभलेली आमची खटपट अखेर याच गावातील एका सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन थांबली.

त्याआधी अर्थातच आम्ही मोठ्या गाड्या पाहिल्या. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या विषयाची चर्चा मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत वाढली आहे, आणि त्या चर्चेतील आदर्श वाहन म्हणजे बहुतेक वेळा उंच छपराची फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर. ताठ उभे राहता येते, हा या गाड्यांचा मोठा गुण. आणि हलक्या मोटारीच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे परिवहन वाहनही चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्यामुळे परवान्याची धास्तीही उरलेली नाही. परंतु जुन्या बाजारात मिळणाऱ्या अशा गाड्या प्रायः कारखान्यांच्या कामगारांना ने-आण करून निवृत्त झालेल्या असतात. त्यांच्या पाट्या पिवळ्या असतात, नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा उतरवल्याची नोंद असतेच असे नाही, आणि कोकणच्या पावसाने तळाचा पत्रा कुठवर खाल्ला आहे हे गाडीखाली पाठ टेकून, टॉर्च लावून पाहिल्याखेरीज समजत नाही. अशा एका गाडीच्या मालकाने नव्या रंगाची तारीफ चालवली असता माझ्या पत्नीने पायाखालचे रबरी जाजम उचलून पाहिले आणि ते निमूटपणे पुन्हा खाली ठेवले. तो व्यवहार तेथेच संपला.

याहून अवघड प्रकरण कायद्याचे आहे, आणि त्याविषयी उत्साही मंडळींमध्ये आश्चर्यकारक बेफिकिरी आढळते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अधिकच स्पष्ट केली. आसने उपटून टाकावीत, छपराला भोक पाडून वर झरोका बसवावा, आत नळ आणि मोरी जडवावी, हे सारे चित्रफितींत कितीही मोहक दिसले तरी नोंदणी पुस्तकात सात आसने आणि गाडीत दोन, ही तफावत तपासणीच्या वेळी निस्तरावी मालकालाच लागते. संपूर्ण कॅरॅव्हॅनच हवी असेल तर तिच्यासाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मान्यता मिळालेली गाडी घ्यावी आणि तिची नोंदणी खासगी वापराची कॅम्पर व्हॅन म्हणून करून घ्यावी, हा राजमार्ग. तो खर्चिक आहे, आणि वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्या दांपत्याने तो पत्करावा असे माझे मत नाही. मागे जोडून ओढायच्या कॅरॅव्हॅनचा विचार आम्ही फार केला नाही. माळशेजच्या वळणावर समोरून एसटी आल्यावर ते धूड मागे घेण्याची कल्पनाच पुरेशी होती.

तेव्हा निवड उलट्या टोकाकडून करावी लागली. गाडीत काय काय मावेल हे बाजूला ठेवून, आम्हा दोघांना कशावाचून चालणार नाही, हे आधी ठरवले. पाठ सरळ टेकेल अशी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद जागा. रात्री एकाला उठायचे झाल्यास दुसऱ्याला न तुडवता बाहेर पडण्याची सोय. आणि कपडे बदलण्यापुरता आडोसा. या शेवटच्या बाबीवर पत्नीचा कटाक्ष विशेष होता, कारण लुगडे असो वा पाचवारी, बसून नेसता येत नाही, आणि वाहनांची वर्णने लिहिणाऱ्या पुरुषांना हे सहसा सुचत नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांपैकी काहीही त्या यादीत उरले नाही. आणि ही यादी हाती आल्यावर लक्षात आले की आमच्या दारात उभी असलेली, सात आसनांची साधी मारुती अर्टिगा या कसोट्यांना बरीचशी उतरते. तिच्या मागच्या दोन्ही ओळींच्या पाठी पुढे दुमडून सपाट होतात, मागचे दार वर उघडते, आणि सात माणसे वाहण्यासाठी जिची रचना झाली तिच्यात दोनच बसली की उरलेल्या पाचांच्या वजनाएवढी, म्हणजे 300 किलोंहून अधिक, मुभा सामानाला मिळते.

उरले ते सुताराचे काम. मिस्त्री मूळचा गोरखपूरकडचा, मराठी समजणारा आणि हिंदीत उत्तरे देणारा. आमची हकीकत ऐकून त्याने प्रथम गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही; शेडच्या फरशीवर खडूने एक चौकट आखली आणि अत्यंत अदबीने तो पत्नीला म्हणाला, “काकी, आप दोनों लेट के देखो.” भर बाजारात, भुशाने माखलेल्या जमिनीवर, वर्तमानपत्रे पसरून आम्ही दोघे शेजारी शेजारी आडवे झालो, कुशीवर वळलो, पत्नीने गुडघे मुडपले तेव्हा चौकटीबाहेर गेलेल्या भागावर त्याने नवी रेघ ओढली. शेजारच्या गाळ्यातील सिंधी शेठ हा प्रकार पाहत होते. त्यांनी हसून, पाहुण्याला द्यायच्या रिवाजाप्रमाणे, पापड आणि थंड पाणी पाठवून दिले, आणि मग माप अधिक मोकळेपणाने घेण्यात आले.

गाडीच्या अंगात एकही काटकोन नसतो, हे सुताराचे काम पाहीपर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते. घरचे कपाट करताना ज्या गुण्यावर त्याची सारी भिस्त, तो येथे पहिल्याच मिनिटास त्याने दूर ठेवला. खोक्याचा पुठ्ठा चाकाच्या फुगवट्याला लावायचा, पेन्सिलीने रेघ मारायची, कात्रीने छाटायचा, पुन्हा लावून पाहायचा, असे करीत करीत त्याने गाडीच्या मागच्या अंगाची संपूर्ण पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली. त्यानंतरच करवतीला हात लागला. प्लायवूड त्याने सवयीने 19 एमएमचे काढले होते. आठ बाय चारचा तो एक ताव तीस-पस्तीस किलोंचा भरतो, आणि घाटात प्रत्येक किलो इंजिनाला वाहावा लागतो, म्हणून 12 एमएमचे मरिन प्लाय घेऊन खालून पाइनच्या पट्ट्यांचा आधार देण्याचे ठरले. पातळ फळी रात्री लवेल अशी त्याला शंका होती. तेव्हा पट्ट्या ठोकून झाल्यावर तो स्वतः तिच्यावर उभा राहिला, दोन उड्या मारल्या, आणि मग काही बोलला नाही.

अखेर जे सिद्ध झाले ते असे: तिसऱ्या ओळीमागच्या खळग्यात बसणारी एक पेटी, तिच्या झाकणाला पियानो बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, ज्या रात्री दुमडलेल्या आसनांवरून पुढे उलगडतात, आणि पुढच्या खुर्च्या पार पुढे सरकवल्यावर मिळणारी पावणेसहा फुटांची शय्या, आम्हा दोघांच्या उंचीला ती पुरते. बसल्यावर मान किंचित वाकवावी लागते. पेटीचा एकही स्क्रू गाडीच्या पत्र्यात गेलेला नाही. सामान बांधण्याच्या कड्यांना ती रुंद पट्ट्यांनी आवळलेली असते आणि दोन माणसांनी उचलली की गाडी पूर्ववत सात आसनांची होते, त्यामुळे कल्याणच्या परिवहन कार्यालयात नोंदलेला तपशील अक्षरशः खरा राहतो. खणांना मिस्त्रीने घरगुती कपाटाचे लोहचुंबक लावले होते. बदलापूरच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणताच सगळे खण बाहेर आले आणि पातेली गडगडली, तेव्हा त्याने चुंबक उपसून खिडक्यांना लावतात तशा पितळी कड्या ठोकल्या; कोपरेही कानशीने घासून गोल केले, कारण अंधारात पहिली ठेच गुडघ्यालाच लागते. गादी अखंड न घेता 40 डेन्सिटीच्या फोमचे तीन तुकडे केले, त्यांच्या खोळींचे आणि पडद्यांचे कापड गजानंद मार्केटमधून आणले, आणि मच्छरदाणीची जाळी वेल्क्रोने खिडक्यांना बसवली. कपड्यांच्या आडोशासाठी ताडपत्रीवाल्याकडून एक कनात शिवून घेतली. वर उघडलेल्या मागच्या दाराला ती बांधली की तिच्या आत साडी नेसण्याइतपत ताठ उभे राहता येते.

विजेचा हिशेब सोपा आहे. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1,200 वॉट-तास देते, आणि जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी असेल तर त्यातले निम्मेच काढणे तिच्या प्रकृतीला मानवते. 30 वॉटचा पंखा आठ तास चालला तरी 240 वॉट-तासच जातात. दिवा आणि फोन यांचे ओझे किरकोळ. इंडक्शन शेगडीचा मोह मात्र सोडावा. गॅसची 5 किलोंची टाकी आणि शेगडी बाहेर मोकळ्या हवेतच पेटवावी; हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो नेमका आपण निजतो त्या पातळीवर साचतो, आणि बंद काचांआड जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते ते निराळेच.

मुरबाड, टोकावडे ओलांडून माळशेजमार्गे ओतूर-जुन्नरकडे जाणारा रस्ता आम्हाला घराजवळचा, म्हणून परीक्षा तेथेच झाली. थंडीत काचा पूर्ण लावल्या तर पहाटे दोघांच्या श्वासाचे पाणी काचेवरून गादीवर ओघळते. दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवली की ते थांबते. मुक्कामासाठी घाटातील निर्जन वळणापेक्षा पायथ्याच्या गावातील देवळाचे पटांगण किंवा ढाब्याचे आवार उत्तम; तेथे विचारून थांबलेल्या वयस्क जोडप्याला गावकरी सहसा नाही म्हणत नाहीत, आणि संडासाचा प्रश्नही परस्पर सुटतो. उंच छपराची कॅरॅव्हॅन अशा पटांगणाच्या कमानीतून आत जात नाही, हा तिच्याविरुद्धचा माझा शेवटचा आक्षेप.

ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांनी सुताराकडे जाताना नोंदणी पुस्तकाची एक प्रत आणि आपली सहधर्मचारिणी ही दोन्ही बरोबर न्यावीत; तिचे माप तोंडी सांगून भागत नाही.