स्पीकरच्या आधी दरवाजा

कराडहून निघालेली पिकअप पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरते आणि चिपळूणला पोचते. हौद्यात भाजी असो की खताची पोती, चालकाचा अर्धा दिवस केबिनमध्येच जातो. डिझेल इंजिनाची घरघर, टायरांचा आवाज, रिकाम्या हौद्याचा खडखडाट आणि पावसाळ्यात टपावर कोसळणाऱ्या सरी, एवढ्या गलबल्यातून बातम्या आणि भजनं कानापर्यंत आणायचं काम दरवाज्यातले दोन लहान स्पीकर करतात. शब्द कळेनासे झाले की जास्त वॅटचे, मोठ्या मॅग्नेटचे स्पीकर बसवून घ्यायची इच्छा होते. इच्छा रास्त आहे, पण खर्चाचा क्रम बहुधा उलटा लागतो. कंपनी फिटिंगचा आवाज फिका पडतो त्यात स्पीकरइतकाच, कधी त्याहूनही जास्त, दोष तो ज्यात बसवला आहे त्या दरवाज्याचा असतो. म्हणून आधी दरवाजा सुधारावा, मग स्पीकर बदलावा, आणि वॅटचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

याचं कारण स्पीकरच्या घडणीतच आहे. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेली रचना आजही मुळात तीच आहे: चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कोन, आणि कोनाच्या हालचालीने ढकलली जाणारी हवा. कोन पुढे सरकला की समोर दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे कमी होतो. मागची हवा वळसा घालून पुढे आली की दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. यात सर्वात आधी मरतो तो खर्ज, म्हणजे ढोलकीचा धुम्म आणि मृदंगाची डावी बाजू. पिकअपच्या दरवाज्याच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यामुळे हा वळसा सहज पडतो. शिवाय पातळ पत्रा स्वतःच थरथरतो आणि आवाजात आपली खरखर मिसळतो. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांना तारेइतकीच भोपळ्याची पारख करावी लागते, कारण तारेचा नाद भोपळ्यात भरतो. दरवाज्यालाही असंच महत्त्व आहे, मात्र त्याचा धर्म उलटा: भोपळा गुंजला पाहिजे, दरवाजा मुका राहिला पाहिजे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराची डॅम्पिंग शीट चिकटवणं, आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करणं आणि स्पीकरच्या कडेला फोमची रिंग लावणं, एवढ्याने जुना स्पीकरसुद्धा भरीव वाजू लागतो.

वॅटच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. डेकवर ‘50 वॅट गुणिले 4’ छापलेलं असतं, तो क्षणिक कमाल आकडा. गाडी चालू असताना सुमारे 14 व्होल्ट मिळतात आणि स्पीकरचा रोध बहुधा 4 ओहम असतो. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर स्वच्छ, सलग आवाजासाठी दर स्पीकरला 15 ते 20 वॅटच हाती लागतात. ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त 3 डेसिबलने चढतो. कानाला तो दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. म्हणून स्पीकरच्या पुठ्ठ्यावर वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी वाचावी, म्हणजे 1 वॅटवर 1 मीटर अंतरावर मिळणारे डेसिबल. 92 डेसिबलचा स्पीकर 10 वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला 86 डेसिबलच्या स्पीकरला 40 वॅट लागतात. कंपनीचा हलका कागदी कोन काढून जड कोनाचा महागडा स्पीकर लावला आणि आवाज उलट बसला, असं घडतं ते यामुळेच.

मालवाहू गाडीला हा थाट कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. घाटात चालकाचं लक्ष विचलित होईल, मागचा हॉर्न ऐकू येणार नाही, ही भीतीही खोटी नाही. पण हॉर्न दडपतो तो चढवलेल्या आवाजाने, आणि आवाज चढवावा लागतो तो शब्द अस्पष्ट असल्यामुळे. स, श, च, ट ही व्यंजनं उंच पट्टीत उमटतात, तर इंजिनाची घरघर बहुतेक खालच्या पट्टीतली असते. चांगला ट्विटर, म्हणजे उंच पट्टीचा छोटा स्पीकर, असला की कमी आवाजातही शब्द कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो. 83 डेसिबल झाला की वेळ निम्मी होते. रोज गाडीवर असणाऱ्याच्या दृष्टीने स्पष्टता ही चैन नाही, कानाची राखण आहे.

कंपनीने दिलेलं खोलू नये, असंही म्हटलं जातं. वायर कापून पीळ देऊन टेप गुंडाळली तर ते खरंच. म्हणून गाडीच्या कपलरला जुळणारा कपलर घ्यावा, म्हणजे मूळ वायरिंगला हात लागत नाही. अधिक-उणे नीट जुळवावं. एका बाजूला ते उलटं लागलं तर खर्ज नाहीसा होतो. कोयनेच्या पावसात काचेवरून दरवाज्यात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून निघून जातं; ती भोकं शीटखाली बुजवू नयेत आणि दरवाज्याच्या आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकू नये. कोन पॉलिप्रॉपिलीनचा असला तर ओल सोसतो. मॅग्नेट एवढाच खोल असावा की काच पूर्ण उतरेल. चांगला फिटर हे सगळं करायला वेळ घेतो, आणि त्या वेळेचे पैसे आनंदाने द्यावेत. पुठ्ठ्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा, बटण निम्म्यावर असताना घाटाच्या चढावरही कीर्तनकाराचा शब्द न् शब्द कळतो का, हीच त्या खर्चाची खरी कसोटी.