तोफची, ताक्सित्झीस आणि आपला खजिनदार

'तोफेची दारू' आणि 'तोफची' यांतल्या दोन 'ची' एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. पहिली षष्ठीची. ती सामान्यरूपाला लागते आणि लिंगवचनाप्रमाणे चा-ची-चे होते. दुसरी शब्दाला थेट चिकटते आणि बदलत नाही. ही दुसरी तुर्की. वस्तूच्या किंवा कामाच्या नावाला ती लागली, की ते काम करणारा माणूस उभा राहतो.

तिचा एक जुना पुरावा मंगोलियात, ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आहे. क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या स्मरणार्थ इ.स. 732 मध्ये तिथे शिलालेख उभारला गेला. त्याची लिपी विल्हेल्म थॉमसन या डॅनिश पंडिताने 1893 मध्ये उलगडली. लेखात नक्षी कोरणारा 'बेदिझची' भेटतो. 'सिगित' म्हणजे आक्रोश; अंत्यविधीला शोक करायला आलेले ते 'सिगितची'. पुढे चंगीजखानाच्या पदरी भाता सांभाळणारा 'कोर्ची' आणि खानपान पाहणारा 'बाउर्ची' होता. आपला बावर्ची तो हाच.

तुर्कीत स्वरसंवादामुळे या प्रत्ययाची चार रूपं होतात, आणि अघोष व्यंजनानंतर 'च', एरवी 'ज' या नियमाने ती आठ होतात. त्याला काहीच वर्ज्य नाही. 'बालिक' म्हणजे मासा, 'बालिकची' म्हणजे कोळी. 'यालान' म्हणजे खोटं, 'यालांजी' म्हणजे खोटारडा. उस्मानी साम्राज्याच्या यानिसारी फौजेतला बडा अधिकारी 'चोर्बाजी', शब्दशः सूपवाला! हाच शब्द बल्गेरियात गावच्या धनवंताला लागला.

साम्राज्य गेलं, प्रत्यय मात्र मागे राहिला, आणि तोही रिकामा बसला नाही. ग्रीकमध्ये टॅक्सीवाला 'ताक्सित्झीस', बोस्नियात ट्रामचालक 'त्रामवायजिया', रुमानियनमध्ये ट्रकवाला 'कामिओनाजिउ'. कैरोत कपड्यांना इस्त्री करणारा 'मकवगी', तर इराणात टपाल आणणारा 'पोस्तची'. टॅक्सी, ट्राम, पोस्ट यांतलं काहीच तुर्की नाही.

मराठीत तो आला फारसीच्या बोटाला धरून: तोफची, नगारची, मशालजी, तबलजी, खजिनची. 'मशालजी', 'तबलजी' यांतला 'ज' पाहून च-जचा तुर्की नियम इथेही पाळला गेला, असं म्हणायचा मोह होतो. 'नगारची' हा मोह लगेच मोडतो. मशालजीची गत तर न्यारीच. साहेबांच्या घरी तो भांडी घासू लागल्याची नोंद 'हॉब्सन-जॉब्सन' या 1886 च्या कोशात आहे.

पण ट्रामवाला आपल्याकडे 'ट्रामची' झाला नाही. का? माझ्या मते दोन कारणं. हे शब्द फौज आणि दरबाराचे होते. मशाली आणि तोफखाने गेले, तशी ती पदंही गेली. दुसरं, षष्ठीची 'ची' घरात असताना 'ट्रामची' म्हटल्यावर कोणीही 'ट्रामची काय?' असंच विचारणार. 'दार'ला ही अडचण नव्हती. तो फारसी असूनही धारदार, टोकदार असा आपल्या शब्दांत मुरला. 'वाला' तर कुठेही चालतो. रशियनने याच तुर्की साच्यातला शब्द 'कझ्नाचेय' म्हणून खजिनदारासाठी ठेवला, हिंदीने 'खजांची' सांभाळला. मराठीत मात्र गल्लीतल्या गणेश मंडळापासून साहित्य संस्थेपर्यंत वर्गणीचा हिशेब ठेवतो तो खजिनदारच. खजिनची आता बखरी वाचणाऱ्यांनाच भेटतो.