गाडी आली, पण कागद आले का?

एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकात दिल्ली पासिंगची एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. शेजारच्या काकांनी ती दिल्लीत जुनी विकत घेतली होती आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालवत पुण्याला आणली होती. गाडीला हार घातला, पेढे वाटले. "इथल्यापेक्षा लाखभराने स्वस्त पडली," असे काका कौतुकाने सांगत होते. सहा महिन्यांनी भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. गाडीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा होता. आरसीवर तशी नोंद होती, पण ती कोणी वाचलीच नव्हती. आता तो मालक फोन उचलत नव्हता आणि गाडी काकांच्या नावावर होत नव्हती.

दिल्लीत जुन्या गाड्या स्वस्त का मिळतात, हे आधी पाहू. प्रदूषणामुळे तिथे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे त्याच न्यायालयाने सांगितले. या सगळ्या अनिश्चिततेमुळे आठ-नऊ वर्षांची चांगली डिझेल गाडीही तिथला मालक कमी भावात विकायला तयार होतो. गिऱ्हाईक परराज्यातून येते.

गाडी राज्याची सीमा एका रात्रीत ओलांडते. कागदांना मात्र स्वतंत्र प्रवास करावा लागतो. त्यातला पहिला कागद म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच एनओसी. फॉर्म २८ भरून ते मूळ आरटीओकडून घ्यायचे असते. ते देण्यापूर्वी गाडी चोरीची नाही ना आणि सरकारचे काही देणे बाकी नाही ना, हे तपासले जाते. म्हणून थकलेल्या दंडाच्या पावत्या आधी भराव्या लागतात. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा लागतो. एनओसी ज्या आरटीओच्या नावे हवी त्याचे नाव अचूक लिहा. पुण्यात राहणाऱ्याला मुंबईच्या नावाची एनओसी उपयोगाची नाही.

दुसरे काम नाव बदलण्याचे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. इथे एक गैरसमज हमखास आढळतो. "बारा महिने परराज्याचा नंबर चालतो," असे एजंट सांगतात. मोटार वाहन कायद्यात बारा महिन्यांची मुदत आहे खरी, पण ती नवा नंबर घेण्यासाठी आहे. गाडी विकत घेणाऱ्याने व्यवहारापासून तीस दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचे असते.

तिसरी गोष्ट रोड टॅक्स. वाहनकर हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने दिल्लीत भरलेला कर महाराष्ट्रात चालत नाही. गाडीची किंमत, इंधन आणि वय पाहून इथे नव्याने कर भरावा लागतो. मूळ राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण तो त्या राज्याच्या नियमांप्रमाणे आणि ज्याने कर भरला त्याला. म्हणून "लाखभराने स्वस्त" हा हिशेब कर, वाहतूक, नवी नंबर प्लेट आणि दोन फेऱ्यांचा खर्च धरूनच करावा.

चौथी गोष्ट विम्याची. तिऱ्हाइताला झालेल्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, असे कायदा मानतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपले नाव चढवून घ्यावे लागते. ते राहिले आणि वाटेत गाडी ठोकली गेली, तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जाऊ शकतो.

विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. २०१८ मध्ये एका खटल्यात गाडी अनेक हातांतून गेली होती, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याच माणसाचे होते. अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. आपण गाडी विकली एवढे म्हणून सुटका होत नाही, हा त्याचा अर्थ.

तेव्हा परराज्यात गाडी बघायला जाल, तेव्हा बॉनेट उघडण्याआधी आरसी उघडा. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. बोजाचा रकाना वाचा. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांवर विसंबू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, एनओसी हातात पडेपर्यंत शेवटचा मोठा हप्ता आपल्याजवळ ठेवा. पूर्ण पैसे मिळाल्यावर फोन न उचलणारा माणूस, पैसे बाकी असले की स्वतःहून फोन करतो.

काकांची गाडी अजून फाटकाशी उभी आहे. रोज सकाळी ते ती पुसतात, पण घाटापलीकडे न्यायला धजत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)