मोह : पहाटेचं झाड

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पहाटे गळतं. टोपल्या घेऊन अंधारातच निघावं लागतं. उशीर झाला की गुरं, हरणं, अस्वलं ताव मारतात. फूल म्हणजे फिकट पिवळसर, रसाळ, पोकळ मणी. वाळलं की मनुक्यासारखं तपकिरी, गोड. मोहाच्या दारूची बदनामी मोठी (जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी), पण फुलांच्या भाकरी आणि लाडूही होतात.

पावसाळ्याच्या तोंडावर फळं पिकतात. बियांचं तेल गारठ्यात तुपासारखं थिजतं. ते खायला, दिव्याला, साबणाला चालतं.

लागवड करायची तर बी ताजंच पेरा, साठवलं की उगवण झपाट्याने घटते. फुलांसाठी मात्र आठ-दहा वर्षं थांबावं लागतं. फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्यात कोवळी रोपं होरपळतात.