मोरचुदाच्या निळ्या पाण्यातला थेंब

पिशवीतल्या रक्ताचे तीन भाग कसे करतात, ते या वेळी सांगायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो. उदगीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्याला दोन ओळींत उत्तर देववत नाही. त्यांच्याकडे दरवर्षी १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनाला, शिबिर असतं. पदवीची मुलं रक्त देतात. अकरावी-बारावीची मुलं खुर्च्या मांडतात, बिस्किटं वाटतात आणि दारातून डोकावत राहतात. "अमेरिकेत म्हणे हायस्कुलातली मुलं रक्त देतात. मग आमच्या मुलांनीच का थांबायचं?" असं बाईंनी विचारलंय.

माहिती खरी आहे. तिथल्या अनेक राज्यांत पालकांची लेखी संमती असेल तर सोळाव्या वर्षीही रक्त घेतात. पण तिथल्याच रेडक्रॉसच्या नोंदींवरून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त दिल्यावर चक्कर, घेरी, हात काळानिळा पडणं असे त्रास १६-१७ वर्षांच्या १०.७ टक्के मुलांना झाले होते, १८-१९ वर्षांच्या ८.३ टक्के मुलांना, तर विशीपुढच्यांत फक्त २.८ टक्के लोकांना. यातले बहुतेक त्रास किरकोळच असतात. तरी मधला आकडा बघा. अठरा पूर्ण झाली की कायदा परवानगी देतो, पण शरीर अजून कोवळंच असतं. लातूर-नांदेडला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहणारी किती तरी मुलं सकाळी उपाशीच क्लास गाठतात. अशा मुलाचं पहिलंच रक्तदान असेल, तर आधी पोटभर खाऊ-पिऊ घाला आणि नंतर थोडा वेळ आडवं राहू द्या.

मला जास्त काळजी आहे ती लोहाची. ३५० मिलिलिटरच्या पिशवीबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं. ते अन्नातून परत मिळवायचं तर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं. म्हणून तर पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस थांबावं लागतं. वाढत्या वयाच्या मुलाला स्वतःच्याच रक्तासाठी आणि स्नायूंसाठी लोह हवं असतं. मुलींचं तर दर महिन्यालाही थोडं जातं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. शिबिरात गेलात तर टेबलावर निळ्या पाण्याची छोटी बाटली दिसेल. आता पुष्कळ ठिकाणी बोटभर पट्टीवर आकडा सांगणारं यंत्र आलंय, पण ती बाटली अजून टिकून आहे. आत असतं मोरचुदाचं द्रावण. हो, शेतकरी चुन्यात कालवून पिकावर फवारतात तेच मोरचूद. द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवतात. बोटातला थेंब सेंटिमीटरभर उंचीवरून त्यात सोडायचा. रक्तातली प्रथिनं तांब्याशी संयोग पावतात, थेंबाभोवती पातळ पापुद्रा धरतो आणि काही क्षण तो विरघळत नाही. या अवधीत थेंब द्रावणापेक्षा जड असेल तर खाली जातो, हलका असेल तर वर येतो किंवा मध्येच घुटमळतो. पंधरा सेकंदांत तळाशी गेला की हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या वर आहे असं धरतात. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. फक्त ३० मिलिलिटर द्रावणात २५ थेंब झाले की ते बदलायचं, आणि थेंबात हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही.

ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रॉबर्ट फिलिप्स, डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. १९४७ मध्ये इजिप्तमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा हेच निळं द्रावण घेऊन फिलिप्स कैरोला पोहोचले. रुग्णाच्या रक्तद्रवाची घनता पाहून त्याला किती सलाईन द्यायचं ते ठरवू लागले. पुढे तोंडाने द्यायच्या जलसंजीवनीच्या शोधातही त्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा होता. हगवणीने कोमेजलेलं लेकरू आणि शिबिरातला तरणाबांड दाता, दोघांच्याही मागे हे एकच डोकं उभं आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

पण या बाटलीची एक उणीव मला सलते. ती पास किंवा नापास एवढंच सांगते. थेंब वर आला की मुलीला "ताई, पुढच्या वेळी या" म्हणून परत पाठवतात, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. तिचं हिमोग्लोबिन १२.३ आहे की ८, हे कुणीच बघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. मुलांतही हे प्रमाण ३१ टक्के होतं. परत गेलेल्या त्या मुलीची त्याच आठवड्यात पूर्ण रक्ततपासणी व्हायला हवी. माझ्या लेखी ते काम भरलेल्या पिशवीइतकंच मोलाचं आहे.

तेव्हा बाई, तुमच्या अकरावी-बारावीच्या मुलांनी खुर्च्या जरूर मांडाव्यात, पण त्यांच्यासाठी शेजारीच दुसरं टेबल लावा. तिथे रक्त घ्यायचं नाही, हिमोग्लोबिन मोजायचं. पालकांना आधी चिठ्ठी द्या, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांना बोलवा, आणि आकडा सांगणारंच यंत्र मागा. आकडा ज्याच्या त्याच्या हाती द्या, फळ्यावर लिहू नका. कमी निघेल त्याला डॉक्टरांकडून औषध आणि जंतांची गोळी मिळेलच. आठवड्याची निळी लोहगोळी सरकार देतंच. ती दप्तरात न राहता पोटात जाते का, हे मात्र तुम्हालाच पाहावं लागेल. जेवणावर लगेच चहा नको, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. अंबाडीची भाजी, भाकरी आणि वर लिंबू हे आपल्याकडे घरोघरी जमण्यासारखं आहे. तीन महिन्यांनी, जानेवारीत, त्याच मुलांची पुन्हा तपासणी ठेवा. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा सुरू झाली की कुणी सापडणार नाही.

यातली जी मुलं मे महिन्यापर्यंत अठरा पूर्ण करतील, त्यांची नावं एका वहीत लिहून ठेवा. लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात, त्यामुळे ऑक्टोबरातल्या पिशव्या उन्हाळ्याला पुरत नाहीत. कॉलेजं बंद, गावं तापलेली, शिबिरं थांबलेली, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. नीटचा पेपर मे महिन्यात संपतो. तो झाल्यावर आठवडाभराने त्या वहीतल्या मुलांना फोन करा.